कानाच्या पाळीचा थेंब

एल्गदालच्या खोऱ्यात असं म्हणतात की स्वर्गाच्या दारात देवाने तोरगुन ब्रेकहुसला नाव विचारलं, तर ती आधी त्याचं ओळखपत्र मागेल. हे पहिल्यांदा म्हणाला तो तिचा नवरा यालमार. पस्तीस वर्षांच्या संसाराचा अनुभव पाठीशी असल्यामुळे त्याचं म्हणणं पुराव्यात धरायला हरकत नाही.

तोरगुन मूळची किनाऱ्यावरची. खालच्या गावातल्या रुग्णालयात, रक्ताच्या प्रयोगशाळेत ती बाविसाव्या वर्षी लागली आणि पुढची चौतीस वर्षं तिने खोऱ्यातल्या झाडून सगळ्यांचं रक्त काढलं, यंत्रात फिरवलं, मोजलं. पहिल्याच हिवाळ्यात एक प्रकार घडला. अशक्तपणासाठी भरती झालेल्या एका म्हातारीचं हिमोग्लोबिन एका रात्रीत चारने वाढलं. वॉर्डात आनंदीआनंद. डॉक्टर खूश, परिचारिका खूश, म्हातारीला विचारलं तर तीही म्हणाली, बरं वाटतंय खरं. तोरगुन एकटी जिना चढून वर गेली आणि शेजारच्या खाटेवर त्याच नावाची दुसरी म्हातारी झोपलेली बघून आली. नळ्यांची अदलाबदल झाली होती. त्या दिवसापासून तिने एक नियम केला: बिघडलेल्या आकड्याची काळजी करू नये, त्याच्यामागे सगळेच धावतात. सुधारलेल्या आकड्याला मात्र कोणी काही विचारत नाही. संशय घ्यायचा तो त्याचा.

पुढे प्रयोगशाळाच बंद झाली. रक्त आता मोटारीतून शहरात जातं आणि आकडे तारेवरून परत येतात. तोरगुन घरी बसली, तीन आठवडे बसली, आणि चौथ्या आठवड्यात तिने फ्रीजचं तापमान दिवसातून तीनदा लिहून ठेवायला सुरुवात केली. तेव्हा यालमारनेच स्की क्लबच्या कोचला फोन केला. म्हणाला, "यूस्ताइन, तुला रक्त तपासणारं माणूस हवं होतं ना? घेऊन जा. उपकार होतील."

यूस्ताइन वादसेत हा पस्तिशीचा, क्रीडाशास्त्राची पदवी घेतलेला, सज्जन आणि आकड्यांच्या प्रेमात आकंठ बुडालेला माणूस. त्याची पद्धत खोऱ्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ होती. माणूस जोर करतो तेव्हा स्नायू साखर जाळतात आणि रक्तात लॅक्टेट वाढतं. हळू चाललात तर थोडं, जोरात चाललात तर जास्त, आणि एका वेगानंतर ते दूध उतू जावं तसं वर येतं. त्या वेगाच्या जरा अलीकडे राहून मेहनत करायची. यूस्ताइनच्या हिशेबात ती रेघ चारच्या आकड्यावर होती. लॅक्टेट चारला पोचेल तो वेग ज्याचा जास्त, तो स्कीपटू चांगला. सगळं शास्त्र कानाच्या पाळीवरच्या एका थेंबात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तशातली गत.

जून ते सप्टेंबर, महिन्यातून एकदा, लाकडाच्या गिरणीमागच्या चढावर ही परीक्षा व्हायची. बर्फ नसल्यामुळे चाकांच्या स्की. एक किलोमीटरची चढण, ती सहा वेळा चढायची, प्रत्येक वेळी ठरलेल्या सेकंदांनी जास्त वेगात, आणि शेवटची सगळा जोर लावून. वर तोरगुन टेबल मांडून बसलेली: सुया, कापूस, थेंब घ्यायच्या पट्ट्या, मुठीएवढा मीटर. स्कीपटू आला की कान पुसायचा, टोचायचा, पहिला थेंब टाकून दुसरा घ्यायचा, कारण घामातही लॅक्टेट असतं आणि घामाचा एक ठिपका आकडा दुप्पट करतो. मग यालमार व्हॅनमधून त्याला खाली सोडायचा. यालमार आयुष्यभर बर्फ काढायची गाडी चालवत आला होता. रिकाम्या रस्त्यावर काही न काढता गाडी चालवणं त्याला अजून जरा उधळपट्टीच वाटायची.

त्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या संघात खोऱ्यासाठी एक जागा होती आणि उमेदवार दोन. एक ब्रागे, वय वीस, घोड्यासारखा खाणारा आणि घोड्याइतकंच बोलणारा. दुसरा वेत्ले सोलहेग, एकोणतीस वर्षांचा. दिवसा वीजतंत्री, उरलेल्या वेळात स्कीपटू, आणि दोनदा थोडक्यात हुकलेला. तिशी ओलांडलेल्याला जिल्हा संघ घेत नाही. तसा नियम नाही, पण घेत नाही. ही जागा गेली की वेत्लेच्या हातात रविवारच्या गावशर्यती आणि इतरांच्या घरचे फ्यूज एवढंच उरणार होतं. निवडीचा नियम साधा: उन्हाळ्यातल्या चार परीक्षांपैकी निदान तीन वैध हव्यात, आणि त्यांची सरासरी. कागदावर सही तोरगुनची.

जूनच्या परीक्षेत चौथ्या चढणीनंतर वेत्लेच्या कानाचा थेंब पट्टीवर गेला आणि मीटरने दाखवलं दोन पूर्णांक दोन. गेल्या वर्षी त्याच चढणीवर, त्याच वेगाला, तीन पूर्णांक नऊ होतं.

"वा!" यूस्ताइन म्हणाला.

तोरगुनने कापूस उचलला. तिने दुसऱ्या कानाला टोचलं. दोन पूर्णांक एक.

"अगं, एकदा पटत नाही का तुला?"

"एकदा पटलं असतं तर दुसरा कान कशाला दिलाय," ती म्हणाली.

पाचव्या चढणीला तीन पूर्णांक तीन. सहावी चढायला वेत्ले निघाला तेव्हा यूस्ताइननेच त्याला थांबवलं. "राहू दे. दिसतंय मला." आणि कागदावर शेवटच्या ठिपक्यापासून आखायची पट्टी ठेवून त्याने पेन्सिलीने रेघ पुढे ओढली, चारच्या आकड्यापर्यंत. रेघ जिथे पोचली तो वेग खोऱ्याच्या इतिहासात कोणाचा नव्हता. वेत्लेचाही नव्हता, पट्टीचा होता.

घरी आल्यावर तोरगुनने संशयितांची रांग लावली. पहिला नंबर पट्ट्यांचा. तिने नवी डबी फोडली, तपासणीच्या द्रावाचा थेंब टाकला. बरोबर. मग मीटर. मीटरला थंडी बाधते म्हणून तिने त्याला एक तास फ्रीजमध्ये ठेवलं आणि एक तास खिडकीत उन्हात. बरोबर. मग स्वतःचे डोळे. मग यालमार.

"मी काय केलं?" यालमार म्हणाला.

"गोठ्यापर्यंत पळत जा आणि पळत ये. तीनदा."

"गुरं विकून नऊ वर्षं झाली, तोरगुन."

"गुरं मोजायला नाही सांगितलं."

तो गेला, आला, धापा टाकत कान पुढे केला. मीटर म्हणाला सात पूर्णांक आठ. "मीटर ठीक आहे," तोरगुन म्हणाली. स्वतःबद्दल काय कळलं ते यालमारने विचारलं नाही.

जुलैत वेत्लेचा आकडा आणखी खाली आला. यूस्ताइनने गेल्या वर्षीचा, जूनचा आणि जुलैचा असे तीन आलेख एकावर एक छापून प्लास्टिकमध्ये घालून घेतले. ऑक्टोबरात जिल्ह्याच्या कोच मंडळींपुढे त्याचं व्याख्यान होतं आणि विषय होता, उशिरा उमलणारा स्कीपटू. त्याला विचारलं असतं तर आलेखाला त्याने नावही ठेवलं असतं.

पण तोरगुनला दोन गोष्टी खुपत होत्या. आकडा म्हणत होता, हा माणूस फिरायला निघालाय. तोंड म्हणत होतं, हा माणूस मरायला टेकलाय. ओठ पांढरे, काठ्या धरलेल्या मुठींची बोटं उलगडायला वेळ लागतोय. किती कठीण वाटलं, असं वीसपैकी विचारलं की ब्रागे म्हणायचा तेरा आणि वेत्ले म्हणायचा सतरा, आणि मग यूस्ताइनकडे बघून म्हणायचा, "नाही, चौदा." आणि दुसरी गोष्ट, कानाला टोचायला वाकलं की त्याच्या श्वासाला एक वास यायचा. गोडसर, उग्र. नखांचा रंग पुसायचं औषध असतं तसा.

आता कुठेतरी पाणी मुरतंय याबद्दल तिला शंका उरली नाही. कुठे, एवढाच प्रश्न होता. मे महिन्यात वेत्ले दोन आठवडे इटलीच्या डोंगरात राहून आला होता. तिथे कोण होतं बरोबर? त्याच्या व्हॅनच्या मागच्या काचांना काळा कागद कशाला? तारांचं सामान दिसू नये म्हणून, असं यालमार म्हणाला. तारांना लाज वाटते का, असं तोरगुनने विचारलं. ती दुकानात गेली की वेत्लेच्या टोपलीत डोकवायची: अंडी, मॅकरेल माशाचे डबे, काकड्या. वाईट असं काहीच नाही. वाईट असं काहीच नाही हेच तिला वाईट वाटायचं. एकदा तर ती त्याच्या घरावरून जाताना कचऱ्याच्या डब्याजवळ थबकली, झाकणाला हात लावला, आणि समोरून धर्मगुरुबाई सायकलवरून आल्या म्हणून बुटाची नाडी बांधू लागली. तिच्या बुटाला नाडी नव्हती.

"त्याला सरळ विचार ना," यालमार म्हणाला.

"काय विचारू? तू ताकद वाढवायची चोरटी औषधं घेतोस का म्हणून?"

"मग यूस्ताइनला सांग."

"त्याला त्या आलेखाशी लग्न करायचंय. तो काय ऐकणार?" आणि मग थोड्या वेळाने, "आणि चुकले तर? त्या माणसाचं शेवटचं वर्ष आहे. माझ्या नुसत्या संशयावर त्याचं नाव खराब व्हायचं."

ऑगस्टची परीक्षा झाली. आकडा तसाच सुरेख. त्याच आठवड्यात चाकांच्या स्कीची एक शर्यत होती. तिच्यात वेत्ले शेवटच्या चढावर असा विझला की एकतिसावा आला. यूस्ताइन म्हणाला, त्याचा बहर पुढे आहे, आकडे सांगतायत. परीक्षेच्या दिवशी पाचव्या चढणीनंतर व्हॅनकडे वळताना वेत्लेचा तोल गेला आणि त्याने यालमारच्या खांद्याचा आधार घेतला. "चाक अडकलं," तो म्हणाला. यालमारने रस्त्याकडे पाहिलं. रस्ता नुकताच डांबरलेला होता.

आणि मग ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी गावकाम आलं. दर वर्षी हिवाळ्याआधी क्लबची सगळी माणसं मिळून स्कीच्या वाटांवरची झुडपं तोडतात. मजुरी नाही, सबब चालत नाही, आणि अकरा वाजले की सगळे हातातलं टाकून आपापला डबा उघडतात. डबा म्हणजे पाव. पावाचा काप, वर काहीतरी, मध्ये कागद, पुन्हा काप. या देशात माणसं पंतप्रधान बदलतात, डब्यातली ही रचना बदलत नाहीत.

वेत्ले जरा बाजूला ओंडक्यावर बसला होता. तोरगुन कॉफीची किटली घेऊन फिरत फिरत त्याच्या मागून गेली. त्याच्या मांडीवरच्या डब्यात काकडीच्या चकत्या होत्या, एक उकडलेलं अंडं होतं, मॅकरेल होता. पाव नव्हता.

तिने पुन्हा पाहिलं. कागदाखाली असेल. कागद नव्हता.

"कॉफी?" ती म्हणाली.

"दे. साखर नको."

"तू साखरेशिवाय कधीपासून?"

"मॅकरेलबरोबर साखर कोण खातं?" वेत्ले हसला. तेवढ्यात ब्रागे आला आणि त्याच्याकडे दालचिनीचा पाव पुढे करून म्हणाला, "घे रे आजोबा, आईने बारा दिलेत, मला नऊच जातायत." वेत्लेने तो घेतला, आभार मानले, आणि ब्रागे वळल्यावर लाकूडतोड्याच्या कुत्र्यासमोर धरला. कुत्र्याने संशय घेतला नाही.

तोरगुन किटली घेऊन उभीच राहिली. गोडसर, उग्र वास. आता तिला आठवलं तो कुठे भेटला होता: दुसऱ्या मजल्यावर, मधुमेहाच्या रोग्यांच्या खोलीत, आणि ऑपरेशनसाठी दोन दिवस उपाशी ठेवलेल्यांच्या उशाशी. शरीराला साखर मिळेनाशी झाली की ते चरबी जाळायला लागतं, आणि तो वास तोंडाला येतो. स्नायूंत साखरच नसेल तर लॅक्टेट येणार कुठून? चांगल्या चुलीला धूर कमी. न पेटलेल्या चुलीलाही कमीच.

चौतीस वर्षं, प्रत्येक रोग्याच्या दंडाला पट्टा बांधण्याआधी तिने एकच प्रश्न विचारला होता: सकाळपासून काही खाल्लंय का? आमदाराला विचारला, बिशपला विचारला, स्वतःच्या सासूला विचारला. स्कीपटूंना एकदाही विचारला नाही. खोऱ्यात स्कीपटूला खाल्लंस का विचारणं म्हणजे नदीला पाणी आहे का विचारण्यासारखं. पट्ट्यांवर, मीटरवर, नवऱ्यावर, इटलीवर आणि काळ्या काचांवर संशय घेऊन झाला होता. स्वतःवर घ्यायचा तेवढा राहून गेला होता. ती रात्रभर चडफडत होती. यालमार म्हणाला, अगं, निदान तो औषधं तरी घेत नाही. ती म्हणाली, उपाशी राहणं हेही औषधच, फक्त उलटं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती वेत्लेला क्लबच्या स्कींना मेण लावायच्या खोलीत गाठायला गेली. तो एकटाच स्कीची चाकं पुसत होता.

"काल रात्री काय जेवलास?"

"जेवलो ना."

"काय?"

"जेवण."

"वेत्ले, मी तुझं पहिलं रक्त काढलं तेव्हा तू चार दिवसांचा होतास. टाचेतून. तेव्हासुद्धा तू एवढी टाळाटाळ केली नव्हतीस."

त्याने फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "एक वर्ष शरीरशास्त्र शिकलोय मी. आदल्या दिवशी चार तास चढावर घालवायचे, दोन दिवस पाव-बटाटा-पास्ता बंद. आकडा आपोआप खाली येतो. कुठला नियम मोडला मी? दाखव. माणसाने जेवलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही."

"मग?"

"मग तू एकतिसावा आलास."

"त्याचा कोणी कागद करत नाही!" तो उसळला. "गेल्या वर्षी मी ब्रागेला सात शर्यतींत हरवलं, तोरगुन. सात! आणि यूस्ताइन काय म्हणाला? तुझा आलेख थकलाय. मी नाही थकलो, आलेख थकला. बरं, म्हटलं, आलेख तरुण करून देतो. त्याने जे विचारलं त्याचं उत्तर दिलं मी."

तोरगुनला त्यात चूक काही सापडली नाही. तिने चाक हातात घेऊन फिरवून पाहिलं. अडकत नव्हतं.

"व्हॅनपाशी पडला असतास."

"पडलो नाही."

"उतारावर पडला असतास, साठच्या वेगात, तर?"

त्याने फडकं पुन्हा उचललं.

"सप्टेंबरची परीक्षा जेवून दे," ती म्हणाली. "शुक्रवारी दुपारी माझ्याकडे, संध्याकाळी माझ्याकडे, शनिवारी सकाळी सातला माझ्याकडे. बाकी मला माहीत नाही काय होईल ते."

"आणि नाही आलो तर?"

"तर मी तुझ्या कानाला हात लावणार नाही. दुसरं कोणी मिळतंय का बघ."

"आणि आधीचे तीन कागद?"

तोरगुन म्हणाली, "त्यांचं मी अजून ठरवलेलं नाही." हे खोटं नव्हतं. तिला त्याची जरा लाज वाटली.

तो आला. शुक्रवारी बटाटे, मटणकोबी, पुन्हा बटाटे. शनिवारी सकाळी लापशी, वर लोणी, साखर, दालचिनी, तीन वाट्या. तोरगुन समोर बसून बघत होती. जेवण झाल्यावर तो हात धुवायला न्हाणीघरात गेला तेव्हा ती दाराबाहेर जाऊन कान देऊन उभी राहिली.

"काय करतेस?" यालमार कुजबुजला.

"ओकून परत काढतोय का बघते."

आतून वेत्ले ओरडला, "नाही काढत, तोरगुन! लापशी चांगली झाली होती!"

तरी जाण्याआधी तिने त्याच्या बोटाला टोचून साखर मोजलीच. भरपूर होती.

चढावर धुकं होतं. पहिल्या चढणीपासून वेत्लेचा आकडा वर. तिसरीला दोन पूर्णांक आठ. चौथीला चार पूर्णांक एक. यूस्ताइनने मीटर हातात घेऊन हलवला, जणू त्याची उरलेली प्रतिष्ठा त्यात तळाशी बसली असावी. "हे काय? पुन्हा घे."

"घेतलं. दोन्ही कान."

"घाम लागला असेल."

"पुसलं."

पण वेत्लेचे ओठ लाल होते, आणि पाचवी झाल्यावर तो बसला नाही. "सहावी," तो म्हणाला. "या वेळी रेघ ओढू नकोस, यूस्ताइन. मी चढतो." आणि तो धुक्यात गेला तो असा परत आला की यूस्ताइनचं बोट घड्याळावर दाबायचं राहून गेलं असतं. उन्हाळ्यात त्या चढणीवर नोंदलेली सगळ्यात चांगली वेळ. ब्रागेपेक्षा नऊ सेकंद कमी. लॅक्टेट अकरा पूर्णांक चार. यालमार म्हणाला, "अरे, हा तर माझ्यापेक्षा वाईट निघाला!" आणि तो एकटाच हसला.

ब्रागे वाकून धापा टाकत म्हणाला, "आजोबा, काय खाल्लंस रे?"

वेत्ले तोरगुनकडे बघून म्हणाला, "लापशी."

मग टेबलाशी तिघं उरले: यूस्ताइन, तोरगुन आणि टेबलावरचे चार कागद. ब्रागेला यालमार खाली घेऊन गेला होता. वेत्ले दहा पावलांवर दगडावर बसून बूट सोडत होता. ऐकू येत होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

तोरगुनने दोन वाक्यांत सांगितलं. उपाशी पोट, साखर नाही, म्हणून आकडा नाही. तीनही वेळा.

यूस्ताइन आधी पांढरा पडला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. शिकलेला माणूस होता, मार्ग काढणारच. "हे बघ," तो आवाज खाली आणून म्हणाला. "आज काय झालं ते तू पाहिलंस. तो जलद आहे. खरोखर जलद. तीन कागद राहू दे, सरासरीत तो पहिला येतो, संघात जातो. कागद चुकीचे असतील, पण माणूस बरोबर निवडला जातो. कोणाचं नुकसान आहे?"

"आणि तुझं व्याख्यान?"

"व्याख्यानाचं मी बघतो."

दगडावर वेत्लेचे हात थांबले होते.

तोरगुनने कागद समोर ओढले. सही तिची, तिन्हीवर, ठसठशीत, तारखेसहित. तीन रद्द केले तर वेत्लेकडे वैध परीक्षा एकच उरणार आणि नियमाप्रमाणे तो उमेदवारच राहणार नाही. न केले तर योग्य माणूस योग्य जागी जाणार. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तिच्यापुढे असा खोटा आकडा ठेवला होता ज्याच्यामागे खरा माणूस उभा होता. तिला आठवत होतं, चुकीच्या नळीतूनही कधीकधी बरोबर रोग निघायचा. तरी नळी फेकूनच द्यायची. त्याचं कारण तिला कधी कोणाला सांगावं लागलं नव्हतं, आणि आता सांगायला गेली तर सांगता येत नव्हतं.

"तो पुढच्या वर्षी तिशीचा होईल," यूस्ताइन म्हणाला.

"माहीत आहे. मीच त्याची टाच टोचली होती."

तिने पेन काढलं. पहिल्या कागदावर तिरपी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: उपाशीपोटी नमुना, वैध नाही. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर लिहिताना पेन अडलं, तिने ते झटकलं आणि पुन्हा लिहिलं. खाली नव्याने सही केली, आणि एक ओळ वाढवली जी कोणी मागितली नव्हती: जेवणाची चौकशी केली नाही, चूक तपासणारीची.

वेत्ले उठला. बूट हातात, मोजे ओल्या डांबरावर. "झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

"मला वाटलं होतं, लापशी खाल्ल्यावर..." त्याने वाक्य सोडून दिलं. मग म्हणाला, "चांगलं केलंस असं माझ्याकडून ऐकायचं असेल तर थांबू नकोस."

"थांबले नाही."

तो चालत खाली गेला, व्हॅनची वाट न बघता, आणि धुक्यात दिसेनासा होईपर्यंत तोरगुन त्याच्या पावलांकडे बघत राहिली. तोल ठीक होता. हे तिने कुठे लिहिलं नाही; त्याला रकाना नव्हता.

ब्रागे संघात गेला. यूस्ताइनच्या छापील फॉर्मात नवा रकाना आला, शेवटचं जेवण कधी आणि काय. ती कल्पना आपल्याला बऱ्याच दिवसांपासून सुचली होती, असं तो व्याख्यानात म्हणाल्याचं कळलं. वेत्ले दुकानात तोरगुनला बघून काकड्यांच्या रांगेतून पास्त्याच्या रांगेत वळायचा. ती त्याच्या टोपलीत डोकवायची. दोघं बोलत नसत.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वरच्या पठारावर बर्फ टिकला. एका सकाळी साडेसहाला वेत्लेचा फोन आला.

"तोरगुन, मीटर घेऊन वर येतेस? मला चाचणी करून घ्यायचीय. फक्त माझी. यूस्ताइनला सांगायची गरज नाही."

"कशासाठी?"

"मी कुठे उभा आहे ते बघायचंय."

"संघ तर निवडून झाला."

"माहीत आहे मला, तोरगुन."

"खाल्लंस का?"

"पाच काप. लापशी. आणि काल रात्री दोन थाळ्या पास्ता. येतेस की नाही?"

तिने फोन ठेवला आणि खिडकीशी उभी राहून विचार केला. संघात जागा नाही, कागद कुठे जाणार नाही, बघणारं कोणी नाही. मग आकडा कोणाला हवा असतो? कोणालाही दाखवायचा नसलेला आकडा मागणारा माणूस तिला चौतीस वर्षांत भेटला नव्हता. यात काहीतरी असणार.

यालमार कोटाची बटणं लावत म्हणाला, "त्याला खरंच नुसतं मोजूनच घ्यायचं असेल."

"असेल," तोरगुन म्हणाली, आणि पट्ट्यांची नवी डबी पिशवीत टाकून दुसरी, जुनी डबीही ताडून बघायला घेतली. "तेच बघायला चाललेय. गाडी काढ."